रेसेटिअर: कर्जातलं दुकान पहिल्यांदाच चालवायला घेणाऱ्यांसाठी

'रेसेटिअर' या संगणकावरच्या गेममध्ये तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला कर्जाच्या हप्त्याचे ८०,००० पिक्स (तिथलं चलन) भरायचे होते. गल्ल्यात निघाले ५१,०००. फळ्यांवर मात्र माल ठासून भरलेला: तलवारी, ढाली, कंठहार, कोपऱ्यात अक्रोडाच्या पावांची चळत. तो सगळा विकला असता तर हप्ता भरून वर पैसे उरले असते. पण वसुलीच्या दिवशी ढाल कोणी हप्त्यात धरत नाही. घर गेलं, आणि पुढच्या दृश्यात माझी दुकानदारीण पुठ्ठ्याच्या खोक्यात राहायला गेलेली.

मी बार्शीतल्या भुसार दुकानदाराची मुलगी. शाळेतून आलं की दप्तर पोत्यावर टाकून गल्ल्यावर बसायचं, असं लहानपण गेलं. तरीही माझं दुकान तिसऱ्या आठवड्यात बुडालं. दुसऱ्या डावात निभावलं, तिसऱ्यात वर पैसे उरले. मधल्या काळात जे उमगलं ते क्रमाने लिहिते आहे. 'रेसेटिअर' सुरू करणार असाल तर माझ्यासारखं खोक्यात जायची गरज नाही.

हा गेम आहे तरी काय

इझीगेमस्टेशन नावाच्या एका छोट्या जपानी हौशी गटाने हा गेम बनवला. टोकियोत वर्षातून दोनदा कॉमिकेट नावाची जत्रा भरते. लोक स्वतः काढलेली चित्रकथांची पुस्तकं, गाणी, गेम तिथे टेबल मांडून विकतात. तिथे डिसेंबर २००७ मध्ये हा पहिल्यांदा विकायला आला. कार्पे फुल्गुर या दोघाजणांच्या अमेरिकन चमूने त्याचं इंग्रजी केलं आणि सप्टेंबर २०१० मध्ये तो स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आला. स्टीमवर आलेला हा पहिला स्वतंत्र जपानी गेम. चार-पाच महिन्यांत लाखाहून जास्त प्रती गेल्या. मोठ्या कंपनीचं पाठबळ नाही, चित्रं साधी, विषय दुकानदारी; तरी.

गोष्ट अशी. रेसेट नावाच्या मुलीचा बाप शूरवीर व्हायला म्हणून घर सोडून जातो आणि परत येत नाही. जाताना डोक्यावर कर्ज ठेवून जातो. वसुलीला येते टिअर नावाची परी. ही परी सावकारी पेढीची नोकर आहे, पंख वगैरे सगळं आहे, पण हिशेबाला पक्की. ती म्हणते, घर विकू नकोस, खाली दुकान काढ आणि कर्ज फेड. दोघींची नावं जोडून दुकानाचं नाव 'रेसेटिअर'. इतर खेळांत आपण राक्षस मारून तलवार मिळवतो. इथे त्या शूरवीरांना तलवार विकणारा जो कोपऱ्यातला दुकानदार असतो, तो आपण.

रेसेट मधूनच आनंदाने ओरडते, "कॅपिटॅलिझम, हो!" इंग्रजीत तो 'हो' म्हणजे आरोळी आहे. मला मात्र प्रत्येक वेळी ती मान डोलावून होकार देते आहे असंच ऐकू येतं.

काय काय लागेल

- विंडोज असलेला संगणक. गेम जुना आणि हलका आहे, ऑफिसचा साधा लॅपटॉपही चालतो.
- स्टीमचं खातं. पैसे भरायला मला यूपीआय पुरलं. तिथे सवलतींचे हंगाम येतात, घाई नसेल तर थांबा.
- वाचण्यापुरतं इंग्रजी. मजकूर बराच आहे, पण भाषा चुरचुरीत आणि सोपी. मधूनमधून ऐकू येणारे उद्गार जपानीत आहेत.
- कंट्रोलर असेल तर उत्तम. नसेल तर बाणांची बटणं आणि झेड-एक्स यांवर भागतं.
- एक वही. खरंच. माझी जुन्या डायरीची उरलेली पानं होती.
- गजर. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून लावा, म्हणजे बंद करायला उठावं लागेल.

पडदा लहान किंवा वेडावाकडा दिसला तर गेममध्ये शोधत बसू नका. सुरू करण्याआधी सेटिंगचा वेगळा छोटा प्रोग्राम उघडता येतो, पडद्याचा आकार तिथे बदलतो. मी यात अर्धा तास घालवला.

१. आधी हप्ते वहीत लिहा

कर्ज एकूण ८,२०,००० पिक्स. पाच आठवडे, पाच हप्ते:

- पहिला: १०,०००
- दुसरा: ३०,०००
- तिसरा: ८०,०००
- चौथा: २,००,०००
- पाचवा: ५,००,०००

हे आकडे एकदा नीट बघा. पहिले तीन हप्ते मिळून १,२०,००० होतात, म्हणजे कर्जाचा पंधरा टक्केही भाग नाही. एकट्या शेवटच्या हप्त्यात साठ टक्क्यांहून जास्त. पहिले दोन हप्ते आरामात भरले जातात आणि आपल्याला वाटतं, जमलं की धंदा! तिथेच फसतो माणूस. दर आठवड्याला मागच्याच्या अडीच-तीनपट कमवायचं आहे, आणि त्यासाठी लागणारं भांडवल त्याच गल्ल्यातून उभं करायचं आहे. बँक नाही, भिशी नाही, सासरेही नाहीत.

म्हणून वहीत हप्त्याच्या आकड्यासमोर रोज रात्रीचा गल्ला लिहायचा. मालाची किंमत त्यात धरायची नाही.

२. दिवसाचे चार तुकडे

दिवस चार भागांत वाटलेला आहे: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. दुकान उघडलं की एक भाग जातो. गुहेत माल आणायला गेलात की दोन. म्हणजे आठवड्याचे अठ्ठावीस तुकडे, त्यातून सगळं भागवायचं.

पहिल्या आठवड्यात गुहा नवी असते, मोह होतो. एखाददुसरी फेरी मारा, हरकत नाही. पण दुकान बंद ठेवून कोणी दुकानदार झालेला नाही. माझा नेम असा: ज्या दिवशी गुहा, त्या दिवशीही उरलेल्या दोन भागांत दुकान उघडायचंच.

३. खरेदी: फळी भरायची, गोदाम नाही

माल घेण्याची दोन ठिकाणं आहेत, व्यापाऱ्यांचा गिल्ड, म्हणजे त्यांचा संघ, आणि बाजार. दोन्हीकडचा माल वेगळा, म्हणून दोन्ही बघून मगच पैसे सोडायचे. प्रत्येक वस्तूला एक मूळ भाव असतो, आणि घाऊकात ती त्याहून कमी भावाने पडते. मधला फरक तुमचा.

नवखा माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे परवडेल तेवढी महागडी वस्तू घेणं. एक भारी चिलखत घेतलं की त्याच्या जोगं गिऱ्हाईक येईपर्यंत पैसे अडकले. त्याऐवजी सुरुवातीला खाऊ, स्वस्त दागिने, साधी शस्त्रं असं थोडं थोडं सगळं ठेवा. याला आणखी एक कारण आहे. काही गिऱ्हाइकं फळीवरची वस्तू उचलून आणत नाहीत, नुसतं "डोक्यावर घालायला काही दाखवा", "काहीतरी गोड द्या" असं म्हणतात. तुमच्या साठ्यात तसलं काही नसलं तर ती हात हलवत परत जातात. प्रत्येक प्रकारातलं एखाददुसरं तरी हाताशी हवं.

आमचे अण्णा दिवाळीच्या आधी गूळ-तेलाचा माल भरताना म्हणायचे, "माल दिसतो, पैसा दिसत नाही, म्हणून माल जास्त वाटतो." गल्ल्यावर बसून शंभरदा ऐकलेलं वाक्य. तिसरा हप्ता चुकल्यावर कळलं.

हप्त्याच्या आदल्या दिवशी खरेदी बंद. कितीही स्वस्त मिळो.

४. मांडणी

रस्त्याकडच्या दर्शनी खिडकीत काय ठेवता त्यावर आत कोण येतं हे ठरतं. भारी माल तिथे. आतल्या फळ्यांवर बाकीचं. पुढे दुकान वाढवता येतं, भिंतीचा कागद, गालिचा, टेबलं बदलता येतात, आणि त्यावरून दुकानाचा थाट उजळ की अंधारा, साधा की भपकेबाज हे ठरतं. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळा थाट आवडतो. पहिल्या दोन आठवड्यांत यावर एक पिक्सही घालवू नका. माझ्या एका मैत्रिणीने दुसऱ्याच आठवड्यात दुकानाचा नूर पालटायला घेतला. दुकान फार सुंदर दिसत होतं, हप्ता मात्र चुकला.

५. भाव: पहिल्या शब्दात सौदा पटवा

या खेळाचं खरं व्यसन इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

गिऱ्हाईक वस्तू घेऊन समोर येतं. मूळ भाव दिसतो. तुम्ही आकडा टाकायचा, बाजूला तो मूळ भावाच्या किती टक्के होतो ते दिसतं. पटला तर सौदा. नाही पटला तर चेहरा बदलतो, काहीतरी बोलतं, आणि तुम्हाला आकडा खाली आणायची संधी मिळते. दोन-तीनदा ताणलंत तर निघून जातं.

मी पहिल्या डावात काय केलं? जे आपण लक्ष्मी रोडला साडी घेताना दुकानदार करतो असं समजतो ते. १५० टक्के सांगायचे, मग हळूहळू खाली यायचं. शेवटी १२५ ला विकलं की छाती फुगायची. गिऱ्हाईक मात्र गेलं तर गेलंच, आणि दुकानदारीची पातळी वाढता वाढेना. ती का वाढत नाही हे कळायला मला अख्खा डाव लागला.

गोष्ट अशी आहे की खेळ दोन गोष्टींचं बक्षीस देतो. एक, गिऱ्हाइकाच्या मनातल्या भावाच्या अगदी जवळ जाऊन पहिल्याच शब्दात सौदा पटला तर अनुभवाचे जादा गुण. दोन, असे पहिल्या शब्दाचे सौदे एकामागून एक पटत गेले तर ते गुण वाढत जातात. साखळी मोडली की पुन्हा पहिल्यापासून. आणि दुकानदारीची पातळी वाढल्यावरच खरी दारं उघडतात: लोकांकडून माल विकत घेणं, आगाऊ मागण्या, दुकान मोठं करणं. म्हणजे पहिल्या आठवड्यात एका तलवारीवर जास्तीचे शंभर पिक्स उकळण्यापेक्षा पाच गिऱ्हाइकं पहिल्या शब्दात राजी करणं कितीतरी फायद्याचं.

आकडे सांगायचे तर माझा अंदाज असा. १०४-१०५ टक्क्यांना जवळजवळ कोणी नाही म्हणत नाही. साध्या पुरुष-बायांना १२०च्या आसपास चालतं, त्यावर गेलात तर जुगार. मी पहिला आठवडाभर सगळ्यांना १०५ नेच दिलं. नफा थोडा, पण पातळी भराभर चढली, आणि दुसऱ्या आठवड्यात हात मोकळा झाला. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. गिऱ्हाईक नाराज झालं की वहीत त्याच्या नावापुढे टक्के लिहा, चार दिवसांत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

६. गिऱ्हाईक ओळखा

छोटी मुलगी येते, तिच्याकडे पैसे जेमतेम. म्हातारबाबा येतात. व्यापारी गिल्डचा प्रमुख येतो, तो धंद्यातलाच असल्याने त्याला गुंडाळता येत नाही. अलुएट नावाची श्रीमंताघरची पोर नाक वर करून येते आणि खर्चाला कचरत नाही. लुई नावाचा तलवारबहाद्दर येतो. हा कायम कफल्लक.

गिऱ्हाईक नाही म्हणतं तेव्हा ते काय म्हणतं ते वाचा. "फार महाग आहे" आणि "माझ्याकडे एवढे पैसे नाहीत" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात तुमची टक्केवारी चुकली. दुसऱ्यात वस्तूच चुकली. तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी त्याला स्वस्तातलं दाखवा. आणि भाव रास्त लावत गेलात की गिऱ्हाइकाचं तुमच्याशी जमत जातं आणि त्याची ऐपतही वाढते.

अण्णा मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे होते. स्क्रीनकडे बघू नका असं सांगितलेलं, तरी हिरवी पट्टी वर सरकवून माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे. त्या दिवशी ती छोटी मुलगी अक्रोडाचा पाव घेऊन काउंटरवर आली. तिचं डोकं जेमतेम काउंटरच्या वर. मी सवयीने १३० टक्के टाकले. तिने मान हलवली.

"किती सांगितलेस?"

मी सांगितलं.

"लेकरू आहे ते. मुठीत किती मावतंय बघ की आधी."

मी थेट १०५ वर आले. पाव गेला. साखळी तर मोडलीच होती. पुढच्या वेळी ती आली तेव्हा पहिल्यांदाच १०५ सांगितले, तिने लगेच घेतलं, जादा गुणांची पाटी झळकली. अण्णा म्हणाले, "आता ही रोज येतीय का नाही बघ." आणि आली की. आठवड्याभराने हातात पावाऐवजी महागातलं काहीतरी घेऊन.

७. लोक विकायला आले तर

पातळी थोडी वाढली की गिऱ्हाइकं आपल्या जुन्या वस्तू विकायला आणतात. इथे उलटा हिशेब: मूळ भावाच्या निम्म्यापासून विचार करायचा. ही घाऊकापेक्षा स्वस्त खरेदी असते, त्यामुळे सहसा सोडू नका. फक्त हप्त्याच्या आदल्या दिवसाचा नियम इथेही पाळा. विकायला आलेला माणूस गोड बोलतो.

८. आगाऊ मागण्या

कोणीतरी म्हणतं, अमुक दिवशी अमुक वेळेला मला दोन टोप्या हव्यात. हो म्हणालात तर त्या दिवशी, त्या वेळेला दुकान उघडं हवं आणि माल हाताशी हवा. मी एकदा संध्याकाळची मागणी घेतली आणि दुपारी गुहेत गेले. गुहा दोन भाग खाते हे मीच वर लिहिलं आहे. बाहेर आले तेव्हा संध्याकाळ संपलेली, टोप्या पिशवीत, गिऱ्हाईक नाराज.

मागणी घेतली की त्याच क्षणी वहीत: दिवस, वेळ, वस्तू. आणि त्या वस्तू फळीवरून उतरवून बाजूला ठेवा, नाहीतर दुसरंच कोणीतरी उचलून आणतं.

९. तेजी-मंदी

मधूनच बातमी येते: अमक्या प्रकारच्या मालाचा भाव चढला, तमक्याचा पडला. चौथ्या-पाचव्या हप्त्याचे पैसे बहुतेक इथूनच येतात. पडलेल्या भावात घेऊन ठेवायचं, चढला की खिडकीत मांडायचं. बार्शीच्या अडत बाजारात तूर-ज्वारीचं जे चालतं तेच.

यात एक सापळा आहे. तिसऱ्या क्रमांकात सांगितलं माल साठवू नका, आणि इथे म्हणते साठवा. दोन्ही खरं. मी असं करते: हप्त्याची रक्कम गल्ल्यात वेगळी झाली की मगच वरच्या पैशात साठा. चौथा हप्ता भरून दुसऱ्या दिवशी उठलात की पुढचे सहा-सात दिवस साठ्यासाठी मोकळे, तेव्हा थोडे भारी दागिने, चिलखतं दाबून ठेवा. पाच लाख पावाच्या विक्रीतून उभे राहत नाहीत. तिथे मोठ्या वस्तू चढ्या भावात, आणि अलुएटसारखी गिऱ्हाइकं लागतात.

भाव पडलेली वस्तू कोणी उचलून आणली तर ती विकायलाच हवी असं नाही. मंदी असेपर्यंत फळीवरून उतरवून ठेवा.

१०. गुहेत जाताना

दुकानात बसून कंटाळा आला की एखाद्या लढवय्याला घेऊन गुहेत जायचं. लढायचं त्याने (तो तुमच्याच हातात असतो), मागे रेसेट आणि टिअर माल गोळा करणार. त्याची फी द्यावी लागते. पहिला गडी लुई. मिळालेला माल फुकट पडतो म्हणून गोड वाटतो, पण दिवसाचे दोन भाग ही त्याची खरी किंमत.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पिशवीत जागा मोजकी आहे, फालतू माल फेकून द्या. गडी पडला तर गोळा केलेल्यातली एखादीच वस्तू हाती राहते, बाकी पाण्यात; म्हणून बाहेर पडायची वाट दिसली आणि पिशवी भरलेली असली तर हाव न करता निघा. आणि तिसरी, मला सगळ्यांत आवडलेली: हेच लढवय्ये तुमचं गिऱ्हाईकही असतात. तुमच्याकडून चांगली तलवार किंवा चिलखत विकत घेतलं तर पुढच्या वेळी ते अंगावर घालून गुहेत उतरतात. लुईला कमी भावात बरी तलवार विकणं हा तोटा नाही. त्याच्या खिशात काही नसतं, तेव्हा त्याला परवडेल असंच काही फळीवर ठेवा.

११. बुडालात तर

रडू नका. हप्ता चुकला की डाव पुन्हा सुरुवातीपासून होतो, पण दुकानदारीची पातळी आणि माल तुमच्यासोबत येतो. पहिल्यांदा १०,००० जमवताना जो घाम फुटला, तो दुसऱ्यांदा दोन दिवसांचा खेळ होतो. कितीतरी जण पहिल्या डावात बुडतात.

तरी दर आठवड्याच्या सुरुवातीला वेगळ्या जागी सेव्ह करा. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा सेव्ह केलं आणि हप्त्याच्या आदल्या दिवशी चूक कळली, तर मागे जाता येत नाही.

आणि वेळेचं सांगते. एक दिवस फार पटकन संपतो. संपताना काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं: उद्या सकाळची टोप्यांची मागणी, आत्ताच चढलेला भाव, दोन हजारांनी कमी पडलेला हप्ता. त्यामुळे "दिवस संपला की बंद करते" हा नेम चालत नाही. दिवस संपला की पुढचा सुरू झालेलाच असतो. मी "दुकान बंद होतानाच उठायचं, गल्ला न मोजता" असा नेम केला. चार रात्रींतून तीनदा पाळला जातो.

१२. कर्ज फिटल्यावर

पाचवा हप्ता भरला की गोष्ट संपते, खेळ नाही. हप्त्याशिवाय दुकान पुढे चालवता येतं. उरलेल्या गुहा, बाकीचे लढवय्ये आणि त्यांच्या गोष्टी तिथेच उलगडतात. ज्यांना हप्त्याशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी हप्ते वाढतच राहतात असाही एक प्रकार आहे. तो लगेच घेऊ नका. आधी महिनाभर निवांत दुकान चालवा, घाईत जे संवाद पळवले ते वाचा, दुकानाचा थाट करा. गालिचा घ्यायची वेळ ही.

अण्णांची पट्टी निघाली त्या दिवशी मी पाचवा हप्ता भरत होते. ८,२०,००० फिटले, टिअर हसली, संगीत वाजलं. अण्णा बराच वेळ बघत होते.

"सगळं रोखीचं?"

"हो, सगळं रोखीचं."

"पाच आठवड्यांत उधारी कोणीच मागितली नाही?"

"नाही."

"मग ही बुडायची कशी बुडाली होती गं तुझी?"